अकिरा योशिझावा : कागदशिल्पाची लिपी आणि तिची मर्यादा

‘ओरिगामी’ ही कागदाला घड्या घालून आकृती घडविण्याची जपानी कला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिची गणना प्रामुख्याने मुलांच्या विरंगुळ्यातच होत असे. तिला शिल्पकलेच्या पंक्तीत आणण्याचे श्रेय मुख्यत्वे अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांच्याकडे जाते.

तोचिगी प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेले योशिझावा तेराव्या वर्षी टोकियोतील कारखान्यात कामाला लागले. पुढे आरेखक झाल्यावर ते नवशिक्या कामगारांना घड्यांच्या साहाय्याने भूमिती शिकवीत. (आपल्याकडे मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्येच अशा भूमितीवर ग्रंथ लिहिला होता. योशिझावा मात्र भूमितीकडून सजीव आकाराकडे वळले.) १९३७ साली त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरची बरीच वर्षे दारिद्र्यात गेली. दारोदार खाद्यपदार्थ विकूनही त्यांनी गुजराण केली. १९५२ साली ‘असाही ग्राफ’ या नियतकालिकात त्यांची राशिचक्रातील बारा प्राण्यांची शिल्पे प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

१९५४ च्या ग्रंथात त्यांनी तुटक रेषा, ठिपके व बाण यांची चिन्हपद्धती मांडली. सॅम्युअल रँडलेट व रॉबर्ट हार्बिन यांनी किरकोळ फेरफारांसह ती स्वीकारली. त्यामुळे जपानी भाषेचा गंधही नसलेल्या वाचकाला केवळ आकृती पाहून घड्या घालता येऊ लागल्या. संगीताच्या स्वरलेखनाशी तिची तुलना सहज सुचते, आणि ती तुलना मर्यादेच्या बाबतीतही लागू पडते.

कारण योशिझावांचे खरे शिल्पकर्म ‘ओल्या घडी’त आहे. जाड कागद किंचित दमट केला की त्यातील खळ सैल होते व तंतू मऊ पडतात. मग धारदार घडीऐवजी गोलाई, फुगीर पाठ, मानेची वळण साधता येते; वाळल्यावर आकार टिकतो. कागद किती ओला असावा, बोटाचा दाब कोठे थांबावा, हे कोणत्याही बाणाने दाखविता येत नाही. ज्या पद्धतीने ही कला जगभर पोहोचली, तिच्यात तिच्या प्रवर्तकाचे हस्तकौशल्य मावत नव्हते. हा विरोधाभास अभ्यासकांकडून काहीसा दुर्लक्षिला गेला आहे, असे वाटते.

१९५५ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात गेर्शन लेगमन यांच्या पुढाकाराने त्यांचे प्रदर्शन भरले. १९८३ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘उगवता सूर्य’ हा सन्मान दिला. आपली शिल्पे विकण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. त्यांच्या कृतींची संख्या अंदाजे पन्नास हजार सांगितली जाते. त्यांपैकी अठरा पुस्तकांतून रेखांकित झालेल्या केवळ काहीशे आहेत.