लाकोटा वर्षपट

लाकोटा वर्षपट : उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील लाकोटा लोकांनी चित्रांतून राखलेला वर्षवार इतिहास. मूळ नाव वानीयेतू वोवापी. ओग्लाला, सिचांगू, हुंकपापा यांसह लाकोटांच्या सात शाखा असून डकोटा व यांकटोनाय हे त्यांचे भाऊबंद होत. त्यांचे वर्ष एका हिवाळ्याच्या पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत धरले जाई. वर्ष सरले की तियोश्पायेतील, म्हणजे नातलगांच्या तळातील, जाणती माणसे त्या वर्षाची खूण म्हणून एक घटना निवडीत आणि पट राखणारा तिचे चित्र बायसनच्या कातड्यावर रंगवी. पुढे कातड्याची जागा कापडाने व खतावणीच्या कागदाने घेतली. माणसाचे वयही या पटावरून सांगता येई.

या पटांना केवळ स्मरणखुणा मानून इतिहासाच्या दालनाबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. ती पुराव्याला धरून नाही. 12-13 नोव्हेंबर 1833 च्या रात्री उत्तर अमेरिकेवर सिंह उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. एकमेकांपासून दूर राहणाऱ्या अनेक तळांच्या पटांत ‘तारे गळाले’ ते हे वर्ष सापडते. लोन डॉग या यांकटोनाय पटकाराने त्यासाठी काळा चंद्र आणि लाल तारे काढले. ही तारीख बाहेरच्या साधनांवरून पक्की असल्याने तिथून मागे-पुढे मोजत इतर चित्रांचे सन लावता येतात. त्याच पटात 1801-02 ची देवीची साथ अंगभर लाल ठिपके असलेल्या माणसाच्या आकृतीने नोंदली आहे, तर 1800-01 मध्ये क्रो लोकांनी मारलेली 30 माणसे तीन रांगांतल्या 30 काळ्या रेघांनी. मृतांचा आकडा इतक्या काटेकोरपणे जपणारी नोंद सैल आठवण म्हणून बाजूला सारता येत नाही.

चित्र अपुरे असते, त्याचा अर्थ राखणाराच सांगू शकतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून पद्धतीची रीत कळते, तिचा कमकुवतपणा नव्हे : चित्राने क्रम बांधून ठेवायचा आणि तपशील तोंडी परंपरेने पुरवायचा. ओग्लाला प्रमुख अमेरिकन हॉर्स यांच्या घराण्यात पट पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला. त्यांच्यासारख्यांची विवरणे लष्करी डॉक्टर विल्यम कॉर्बुझिए आणि अभ्यासक गॅरिक मॅलरी यांनी टिपली, म्हणूनच चित्रे आज वाचता येतात. पटापटांत एखाद्या वर्षाचा फरक पडतो तोही स्वाभाविक. हिवाळ्याने सुरू होणारे वर्ष आपल्या दोन सनांत विभागले जाते.

अधिक गंभीर आक्षेप निवडीवर आहे. अमेरिकन सरकार आणि लाकोटा यांच्यातला फोर्ट लॅरमीचा करार 1868 मध्ये झाला. लोन डॉगच्या पटात मात्र 1867-68 साठी सरकारच्या शांतता आयोगाने वाटलेले ध्वज आणि पुढच्या वर्षासाठी टेक्सासमधून आलेली गुरे आहेत. म्हणून हा इतिहास एकांगी ठरवायचा, तर करारांनाच इतिहास मानणारी सरकारी दफ्तरेही तितकीच एकांगी ठरतात. बायसनवर जगणाऱ्या समाजाच्या प्रदेशात परकी गुरे येणे हा त्याच्या जगण्यातला मोठा बदल होता आणि पटाने तो हेरला. वर्षपट लाकोटांच्या दृष्टीने काय घडले ते सांगतात. हे साधन वगळून लिहिलेला लाकोटांचा इतिहास म्हणजे त्यांच्याविषयी इतरांनी ठेवलेली नोंद होय.