गाव महापालिकेत जातंय? हरकत वेळेत घ्या

गाव महापालिकेत जाणार अशी चर्चा सुरू झाली की घराघरांत पहिला प्रश्न असतो: आपली जमीन जाणार का? आम्ही आधीच स्पष्ट करतो, हद्दवाढीने मालकी बदलत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. बदलते ती घरपट्टी, बांधकामाची परवानगी आणि पुढे विकास आराखड्यातली आरक्षणं.

हरकतीचा हक्क

महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ३ नुसार हद्द वाढवण्याआधी शासनाला मसुदा अधिसूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. पुण्यात २३ गावांचा मसुदा डिसेंबर २०२० मध्ये निघाला, अंतिम अधिसूचना ३० जून २०२१ ला. नगरपालिकांच्या बाबतीत १९६५ च्या कायद्याने किमान ३० दिवसांची मुदत आहे आणि हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची असते.

सुनावणीची वाट पाहू नका

कल्याण-उल्हासनगर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं की हद्द ठरवणं हे कायदा करण्यासारखं काम आहे. प्रत्येकाला बोलावून ऐकून घेणं शासनावर बंधनकारक नाही. म्हणजे तुमचा लेखी अर्ज हीच तुमची सुनावणी. तोंडी विरोध, मोर्चा कागदावर येत नाही.

अर्ज कसा करावा

- अधिसूचनेत छापलेल्या कार्यालयातच, मुदतीच्या आत द्या. पोच घ्या.
- गट नंबर, क्षेत्र, जमिनीचा वापर लिहा. सातबारा जोडा.
- कारण ठोस द्या: शेती चालू आहे, पाणी-रस्ता नाही, कर परवडणार नाही.
- जमीन अजून दादांच्या नावावर आहे? तरी हरकत घ्या, बहिणींच्याही सह्या घ्या. वारसनोंदीचं काम मात्र लगेच तलाठ्याकडे सुरू करा.

लढाई एकदाच नसते

हद्दवाढीनंतर विकास आराखडा येतो, तेव्हा आरक्षणावर वेगळी हरकत घ्यावी लागते. कब्रस्तान, मशीद, दर्ग्याच्या विश्वस्तांनी वक्फ नोंदणीचा उतारा आणि नकाशा जोडून ती जागा आराखड्यात जशी आहे तशी दाखवण्याची मागणी करावी. पुढे २०१३ च्या कायद्याने भूसंपादन झालंच, तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत पुन्हा हरकत घेता येते.

आधीच्या टप्प्यावर गप्प राहिलो म्हणून पुढचा हक्क जात नाही. पण प्रत्येक टप्प्याची मुदत वेगळी असते. म्हणून जुम्म्याच्या नमाजनंतर नुसती चर्चा नको. नोटिशीची तारीख सगळ्यांना सांगा आणि अर्ज तिथेच भरून घ्या.