निकाहच्या ग्रुप फोटोत कोण बसलं, कोण राहिलं

हल्ली लग्न ठरलं की काझीसाहेबांच्या आधी फोटोग्राफर ठरतो. मग त्याच्याकडून एकेक 'कन्सेप्ट' येतात. दुल्ह्याच्या दोस्तांनी एकाच वेळी हवेत उडी मारायची, सगळ्यांनी काळे गॉगल लावायचे, वऱ्हाडाने बदामाच्या आकारात उभं राहायचं आणि वरून ड्रोनने टिपायचं. २०१३ साली अमेरिकेतल्या एका फोटोग्राफरने तर लग्नाची मंडळी जीव मुठीत धरून पळताहेत आणि मागे डायनासोर लागलाय, असा फोटो तयार केला. तो जगभर फिरला, त्याच्या नकलाही खूप झाल्या. आमच्या वयाची माणसं हे पाहून नाक मुरडतात. 'आमच्या वेळचे फोटो कसे साधे, जसे आहोत तसे,' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा ऐकलं आहे.

मला ते पटत नाही. लग्नाचा ग्रुप फोटो 'जसा आहे तसा' कधीच नव्हता. तो पहिल्यापासून मांडलेला, ठरवलेला आणि बसवलेला आहे. फरक एवढाच, की पूर्वी मांडणी करणाऱ्याला डायनासोर सुचत नव्हता. कुणाला खुर्ची द्यायची आणि कुणाला नाही, हे मात्र बरोबर सुचत होतं.

सुरुवातीपासूनच पाहू. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला १८३९ साली. राणी व्हिक्टोरियाचं लग्न १८४० मध्ये झालं, पण त्याचा एकही फोटो नाही. इंटरनेटवर 'राणीच्या लग्नाचा फोटो' म्हणून जो फिरतो, तो १८५४ चा, दरबारी पोशाखातला आहे. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न २५ जानेवारी १८५८ रोजी झालं, तेव्हा मात्र समारंभाआधी आई, बाप आणि नवरी अशा तिघांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं. त्या फोटोत राणीचा चेहरा पुसट आला आहे. आपण इतक्या थरथरत होतो की आपली छबी नीट आली नाही, अशी नोंद तिने रोजनिशीत केली आहे. साम्राज्याची मालकीण, पण मुलीच्या बिदाईच्या दिवशी काही सेकंद स्थिर उभी राहू शकली नाही. मला हा फोटो फार आवडतो.

काही सेकंद न हलता उभं राहणं ही त्या काळची सक्तीच होती. स्टुडिओत मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं रागीट दिसतात ती यामुळेही. हसू इतका वेळ धरून ठेवता येत नाही. पुढे काचा जलद झाल्या, तरी ग्रुप फोटोची कसरत संपली नाही. फोटो निगेटिव्हच्याच आकाराचा छापला जाई, म्हणून ग्रुपसाठी बारा बाय दहा इंचांची मोठी काच लागे. ती महाग. त्यामुळे एक-दोन काचांतच काम उरकायचं आणि त्यासाठी तयारी आधी करायची. मुलं जमिनीवर, बुजुर्ग खुर्च्यांवर, जवान मागे उभे, त्यांच्यामागे बाकावर चढलेले. दोन्ही टोकांच्या खुर्च्या जरा पुढे ओढायच्या, म्हणजे रांग कमानीसारखी वळते, सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतात आणि टोकाचा माणूसही स्पष्ट निघतो. काळ्या कपड्यात डोकं घातलेल्या फोटोग्राफरला हे सगळं काचेवर उलटं दिसत असे. आजही शाळेच्या फोटोसाठी आम्ही मुलांना असंच बसवतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या जमावासाठी गोल फिरणारा कॅमेरा निघाला, तेव्हा एखादा वांड पोरगा एका टोकाला फोटो देऊन मागून धावत दुसऱ्या टोकाला जायचा आणि एकाच फोटोत दोनदा यायचा. क्रिएटिव्ह फोटोचा मान खरं तर त्याला द्यायला हवा.

आणि माणसं कापून-जोडून ग्रुप तयार करणं? तेही कॉम्प्युटरने आणलेलं नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. याच मुंबईत काम केलेल्या विल्यम जॉन्सन याने शहरातल्या जातीजमातींवरचं पुस्तक दोन भागांत काढलं, १८६३ आणि १८६६ साली. त्यातले गट पाहिले की वाटतं, ही मंडळी एखाद्या इमारतीसमोर किंवा उघड्यावर जमली आहेत. प्रत्यक्षात माणसांचे फोटो स्टुडिओत काढलेले आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेला. हे सगळं राणीच्या राज्यात, हाताने, कात्री-डिंकाच्या जमान्यात. आजचा अल्बमवाला डोळे मिटलेल्या मामूंचं डोकं दुसऱ्या फोटोतून आणून बसवतो, ते याच घराण्यातलं काम.

आता आमच्या घरातल्या फोटोकडे येतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आमच्या वाड्याच्या अंगणात तो काढलेला आहे. पाठीमागे उर्दूत १३५५ फसली असं लिहिलंय. निझामाच्या राज्यात फसली सन चालत असे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन कळतं. म्हणजे १९४५-४६. निमित्त माझ्या दादांच्या निकाहचं. निकाह झाला रात्री आणि फोटो काढला दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण गावात वीज नव्हती आणि ऊन हाच दिवा. फोटोसाठी दुल्ह्याला पुन्हा शेरवानी चढवली, पुन्हा सेहरा बांधला. 'फूलां बासी थे,' दादी सांगायची. चेहरा दिसावा म्हणून सेहऱ्याच्या लडी दोन्ही बाजूंना सारल्या आहेत. म्हणजे आमच्या घराण्याचा सगळ्यात 'अस्सल' फोटोसुद्धा आदल्या रात्रीची नक्कल आहे.

त्यात एकतीस माणसं आहेत. खुर्च्या नऊ. मधल्या खुर्चीत दादा. त्यांच्या उजव्या हाताला तहसीलचे पेशकार, डाव्या हाताला गावचे माली पाटील आणि पोलीस पाटील, दोघेही पागोट्यात. बाकीचे रुमी टोपीत. दुल्हनचा सख्खा चाचा मात्र मागे उभा आहे. पाटलाला खुर्ची आणि चाचाला नाही, यात त्या काळचं सगळं गाव येतं. अगदी कडेला छत्री धरून एक माणूस उभा आहे. पाठीमागच्या यादीत त्याचं नाव नाही. ती यादीही वाचण्यासारखी आहे: खुर्चीवाल्यांची नावं पूर्ण, 'साहब' लावून; उभ्या असलेल्यांची निम्मीच; मग 'वगैरा'; आणि जमिनीवर बसलेल्यांसाठी एकच शब्द, 'बच्चे'. माझ्या चुलतभावंडांना उर्दू वाचता येत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी पाठ कोरीच आहे. एका नावापुढे पेन्सिलीने नंतर 'कराची' लिहिलंय. दुसऱ्या नावापुढे 'लापता'. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झालं, त्यानंतरची ही पेन्सिल. ते दुसरे गृहस्थ दादांचे मावसभाऊ. त्यांचा याशिवाय दुसरा कोणताही फोटो नाही, कागद नाही, कबर नाही. खुर्च्यांच्या रांगेत डावीकडून तिसरे, एवढाच त्यांचा पत्ता.

दुल्हन कुठे आहे? फोटोत नाही. मागच्या भिंतीत एका दारावर चिलमन सोडलेली दिसते. दादी सांगायची, घरातल्या साऱ्या बायका तिच्यामागे उभ्या होत्या आणि ती स्वतःही. भिंगाने कितीही पाहिलं तरी काड्यांशिवाय काही दिसत नाही.

'आपल्यात फोटो चालत नसे' असं म्हणून हा विषय मिटवला जातो. पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. तसवीर जायज की नाजायज, यावर आलिमांमध्ये मोठा वाद झाला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी फोटो म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी, धरून ठेवलेली सावली, अशी बाजू मांडली. अनेकांनी ती अमान्य केली. मौलाना आझादांचा 'अल-हिलाल' १९१२ पासून फोटो छापत होता. आणि निझाम मीर महबूब अली खान यांनी आपल्या छायाचित्रकाराला, लाला दीनदयाळ यांना, 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे तसवीर घडवणारा. हेच अल्लाहच्या नावांपैकीही एक नाव आहे आणि वादाचं मूळही तिथेच.

याच दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला. उंच भिंतींचं आवार, आत सगळा बायकांचा कारभार आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना फोटो काढून घ्यायचे होते, म्हणून तर हा धंदा उभा राहिला. पुढे कलकत्त्यात अन्नपूर्णा दत्त घरोघरी जाऊन पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो काढत आणि त्यावर संसार चालवत. तेव्हा अडचण पडद्याची जितकी होती, तितकीच सोयीची आणि पैशांची होती. बेगमांसाठी स्टुडिओ होता, आमच्या दादीसाठी चिलमन. तिचा पहिला फोटो निघाला तो सरकारने काढला, १९९० च्या दशकात, मतदार ओळखपत्रासाठी. तेव्हा ती साठीच्या पुढे होती. ती गेल्यावर तोच फोटो मोठा करून घेतला. त्यात ती इतकी घाबरलेली दिसते की ओळखीची वाटत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या लग्नात 'कन्सेप्ट'ची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी माझा कन्सेप्ट पुढे केला. तोच वाडा, तेच अंगण, त्याच नऊ खुर्च्या, पण खुर्च्यांवर बायका. मधल्या खुर्चीत दुल्हन. मुलांना कल्पना आवडली, ती गाजेल म्हणून. थोरल्या फुफूंनी साफ नकार दिला. परका मर्द फोटो काढणार आणि मग तो कुणाच्या मोबाईलवर जाईल याचा नेम नाही, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खोटा नव्हता. आमच्या ओळखीच्या एका घरात असाच फोटो भलतीकडे पोचून मुलीला खूप ऐकावं लागलं होतं. मग जिल्ह्याच्या गावाहून फोटोग्राफर मुलगी बोलावली आणि त्या वेळेपुरते सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत गोळा केले. जनाना स्टुडिओची गोष्ट मी फुफूंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, 'निझामाला कळत होतं, ते तुम्हाला आत्ता कळतंय.'

वेळ सकाळी साडेदहाची ठरवली, कारण तेव्हा अंगणात भिंतीची सावली असते आणि कुणाचे डोळे मिचमिचत नाहीत. टोकाच्या खुर्च्या पुढे ओढल्या. पुरुष मागे उभे, बाकावर. नवऱ्याचा भाऊ खुर्ची न मिळाल्याने जरा फुगला होता. मुलीने शिडीवर चढून तेरा फोटो काढले आणि दर वेळी कुणीतरी डोळे मिटलेच. एक खाला शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही दारावर चिलमन सोडली आणि त्या आपल्या मर्जीने तिच्यामागे उभ्या राहिल्या. यादीत त्यांचं नाव आहे: 'चिलमनीमागे'.

यादी मीच केली, डावीकडून उजवीकडे, मराठीत आणि उर्दूत, फोटोच्या मागे पेन्सिलीने. शाई काही वर्षांत पुढच्या बाजूला उमटते. 'वगैरा' लिहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे बिर्याणीचे बावर्ची, मंडपवाल्याची दोन मुलं, सगळ्यांना विचारून नावं घातली. चव्वेचाळीस माणसं झाली. जमिनीवरच्या रांगेत दोन मुलं अशी निघाली की ती दोन्ही घरांपैकी कुणाचीच नव्हती. गल्लीतून आत येऊन बसली होती. एक आमच्याच शाळेत पाचवीत सापडला. लाल स्वेटरवाल्याचं नाव अजून लागलेलं नाही. तिथे जागा सोडून ठेवली आहे.