थारचे वाळवंट : लखनऊच्या प्रयोगशाळेत उलगडलेला पाण्याचा इतिहास

लखनऊ : गोमतीकाठच्या या शहराचा आणि वाळवंटाचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. तथापि थारच्या वाळवंटाचा गेल्या दहा हजार वर्षांचा इतिहास उलगडण्याच्या कामाचा आरंभ लखनऊमध्ये झाला. येथील विद्यापीठ मार्गावर बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी ती उभारली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली आणि त्यानंतर अवघ्या आठवड्याभरात साहनी यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेची जबाबदारी सांभाळली. दगडात रूपांतरित झालेल्या वनस्पतींबरोबरच गाळात अडकून राहिलेल्या परागकणांचा अभ्यास हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय.

परागकणांची साक्ष

परागकणांचे बाह्य कवच अत्यंत चिवट असते. तळ्याच्या तळाशी प्राणवायू फारसा पोहोचत नाही, त्यामुळे तेथील चिखलात हे कण हजारो वर्षे टिकतात. गाळाचा उभा नमुना काढून त्याच्या प्रत्येक थरातील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले, की त्या त्या काळी परिसरात कोणत्या वनस्पती वाढत होत्या आणि पाऊस साधारण किती पडत असावा, याचा अंदाज बांधता येतो. थरांचे वय रेडिओकार्बन पद्धतीने ठरवले जाते.

संस्थेतील शास्त्रज्ञ गुरदीप सिंग यांनी ही पद्धत राजस्थानातील सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या खाऱ्या तलावांना लावली. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा सविस्तर प्रबंध १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत येथे वाळू मोकाट वाहत होती. त्यानंतर पाऊस वाढला, तलाव भरले आणि काठावर लव्हाळी व पाणकणीस वाढले. गाळाच्या काही थरांत तर जांभळाच्या कुळातील परागकणही आढळले. पुढे पाऊस पुन्हा ओसरला आणि तलाव खारट होत आटत गेले.

हडप्पा संस्कृतीचा उत्कर्ष आणि अस्त यांचा संबंध सिंग यांनी या बदलत्या पावसाशी जोडला होता. हा निष्कर्ष दीर्घकाळ चर्चेत राहिला. १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लुणकरणसरच्या अभ्यासाने मात्र वेगळे चित्र मांडले. त्यानुसार हडप्पाकालीन नगरे भरभराटीस येण्यापूर्वीच हा तलाव आटलेला होता. म्हणजे केवळ पावसाच्या आधाराने संस्कृती उभी राहते किंवा लयास जाते, असे म्हणता येत नाही. कमी पाण्यातही माणसांनी नगरे वसवली आणि चालवली.

या प्रदेशातील मानवी वावर त्याहून कितीतरी प्राचीन आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिडवानाजवळ ‘१६ आर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वालुकाटेकडीत उत्खनन केले. तेथे एकावर एक साचलेल्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. जैसलमेरपासून सुमारे १७ किलोमीटरवरील आकल येथील जीवाश्म उद्यानात तर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे उघड्यावर पाहावयास मिळतात. एके काळी येथे उष्ण आणि दमट हवेतील अरण्य होते, याचा हा पुरावा होय.

भूगोल

थारचे वाळवंट सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले असून त्याचा मोठा भाग भारतात, प्रामुख्याने पश्चिम राजस्थानात आहे. उरलेला भाग पाकिस्तानातील सिंध व पंजाब या प्रांतांत येतो. अरवली पर्वताची रांग अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना जवळपास समांतर असल्याने ती त्यांना अडवत नाही. बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे येथवर पोहोचेपर्यंत त्यांतील बाष्प बरेचसे सरलेले असते. परिणामी पूर्वेस वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर असलेला पाऊस पश्चिमेकडे १०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. महाबळेश्वरात जोरदार पावसाच्या एक-दोन दिवसांत जेवढे पाणी पडते, तेवढे जैसलमेरच्या वाट्याला वर्षभरातही क्वचितच येते.

संपूर्ण थार वाळूचाच आहे, हा समज बरोबर नाही. खडकाळ माळ, क्षारयुक्त सखल जमिनी आणि झुडपी गवताळ प्रदेशही येथे आहेत. अजमेरजवळ अरवलीत उगम पावणारी लुणी ही येथील प्रमुख नदी असून बालोतराच्या पुढे तिचे पाणी खारट होत जाते आणि अखेर ती कच्छच्या रणात विरते. तरीही थार हे जगातील सर्वाधिक दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक मानले जाते.

टंचाईतून घडलेली संस्कृती

ही वस्ती टिकली ती पाण्याच्या काटेकोर व्यवस्थेमुळे. अंगणातील किंवा माळावरील पावसाचे पाणी उतारावरून जमिनीखालच्या टाक्यात साठवले जाते. त्याला ‘टांका’ किंवा ‘कुंड’ म्हणतात. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. त्यावर अडकलेला ओलावा ‘बेरी’ किंवा ‘कुई’ या अरुंद विहिरींत थेंबाथेंबाने झिरपतो. जैसलमेर भागात पालीवाल ब्राह्मणांनी ‘खडीन’ची पद्धत रूढ केली. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी बांध घालून शेतात अडवायचे आणि ते मुरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही ती रीत होय. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकामुळे ही परंपरा देशभरातील वाचकांना परिचित झाली.

महाराष्ट्रात दसऱ्याला जिचे पूजन होते ती शमी म्हणजेच राजस्थानातील खेजडी. तिचा पाला जनावरांचा चारा आहे आणि तिच्या शेंगांची ‘सांगरी’ घराघरांत खाल्ली जाते. या वृक्षांच्या रक्षणासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली येथे अमृतादेवी यांच्यासह बिष्णोई समाजातील ३६३ जणांनी प्राणार्पण केले.

मांगणियार आणि लंगा हे मुस्लिम गायक-वादक समाज पिढ्यान् पिढ्या आपल्या यजमानांच्या घरी जन्म-विवाहाची गाणी गात आले आहेत. मांगणियारांचे अनेक यजमान हिंदू राजपूत आहेत. कमायचा, सारंगी आणि खडताल ही त्यांची वाद्ये होत. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी आणि कथाकार विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा गावी स्थापन केलेल्या रूपायन संस्थेने या परंपरेचे दस्तऐवजीकरण केले. कालबेलिया समाजाच्या गीत-नृत्यांना २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

पाणी आल्यानंतर

पंजाबमधील हरिके धरणापासून निघणाऱ्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. आज तो इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो. १९८७ मध्ये त्याचे पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. तहानलेल्या गावांना पिण्याचे पाणी मिळाले आणि ओसाड जमिनीवर शेती उभी राहिली. मात्र काही ठिकाणी अतिसिंचनामुळे जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या.

जैसलमेरच्या किल्ल्याचा अनुभव अधिक बोलका आहे. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेला हा पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला २०१३ मध्ये राजस्थानच्या अन्य पाच डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा ठरला. सत्यजित राय यांच्या १९७४ मधील ‘सोनार केल्ला’ या चित्रपटानंतर बंगाली पर्यटकांची पावले मोठ्या संख्येने इकडे वळली. किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. पूर्वी गडीसर तलावातून घागरींनी पाणी येई, त्यामुळे ते जपून वापरले जाई. नळ आल्यावर आणि हॉटेले वाढल्यावर वापर वाढला. सांडपाणी टेकडीच्या ठिसूळ थरांत मुरून तटबंदी व बुरुज कमकुवत झाले. कोरड्या हवेसाठी बांधलेल्या वास्तूला ओलीनेच धोका निर्माण झाला. त्यानंतर सांडपाण्याची व्यवस्था सुधारण्याची व दुरुस्तीची कामे हाती घेण्यात आली.

दुसरी चिंता माळढोकची आहे. सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर आता अतिदुर्मीळ झालेला हा पक्षी मुख्यत्वे जैसलमेर भागात उरला असून निसर्गातील त्याची संख्या दीडशेच्या आसपास असल्याचे मानले जाते. जड शरीर आणि समोरचे कमी दिसणारी नजर यांमुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. सौर व पवनऊर्जा प्रकल्पांच्या वाहिन्या भूमिगत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये ते शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. सम येथील प्रजनन केंद्रात २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले.

पर्यटन

ऑक्टोबर ते मार्च हा थारच्या प्रवासासाठी अनुकूल काळ आहे. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील सम येथील वालुकाटेकड्या, पालीवालांनी सोडलेले कुलधरा गाव, बिकानेर व जोधपूरचे किल्ले, माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणारा जैसलमेरचा मरु महोत्सव आणि अरवलीच्या कुशीतील पुष्करची कार्तिकी जत्रा ही प्रमुख आकर्षणे होत. यांसोबत एखादा टांका, एखादे खडीन आणि गडीसरचा काठ पाहिल्यास या प्रदेशाची खरी ओळख होते. किल्ल्याच्या आत मुक्काम करण्याऐवजी पायथ्याच्या शहरात उतरणे आणि पाणी बेताने वापरणे, एवढ्यानेही या वास्तूवरील भार हलका होतो.

लखनऊच्या सूक्ष्मदर्शकाखाली आलेल्या गाळाने थारमधील पाऊस वाढतो आणि ओसरतोही, हे दाखवून दिले. कालव्याचे पाणी आल्यानंतरही टांके, खडीन आणि बेरी यांची देखभाल चालू ठेवणे का आवश्यक आहे, याचे उत्तर त्याच गाळात आहे.