तुकडी, हुशारांची आणि इतरांची

एका इयत्तेतल्या मुलांची शाळेने केलेली विभागणी म्हणजे तुकडी. कागदोपत्री तिचे कारण साधे असते: पट मोठा, खोल्या लहान, म्हणून आठवी अ, आठवी ब, आठवी क, आठवी ड. महाराष्ट्रातल्या अनेक मराठी शाळांत मात्र या अक्षरांना गुणांचा क्रम चिकटला. ‘अ’मध्ये हुशार, ‘ब’मध्ये बरे, शेवटच्या अक्षरात उरलेले, हे शासनाच्या कुठल्याही आदेशात न लिहिलेले सूत्र शिपाईमामांपासून पालकांपर्यंत सगळ्यांना पाठ असते. अमेरिकेतल्या हायस्कुलांसारखे वरच्या आणि साध्या पातळीचे वेगवेगळे अभ्यासक्रम इथे नाहीत. पुस्तक तेच, प्रश्नपत्रिका तीच, दहावीचे मंडळही तेच. तरीही एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन निराळी हवामाने असतात.

मुंबईतल्या विक्रोळीत हा प्रकार चटकन समजतो, कारण इथली वस्तीच आधी तुकड्यांत वाटली गेली आहे. रेल्वेच्या पूर्वेला गोदरेजने १९४३ साली जमीन घेतली. पुढे तिथे कारखाने आले, कामगार-अधिकाऱ्यांची वसाहत आली आणि १९५५ साली उदयाचल ही शाळा सुरू झाली. द्रुतगती मार्गाच्या बाजूला गृहनिर्माण मंडळाने बांधलेली टागोर नगर आणि कन्नमवार नगर. दुसरे नाव राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे. पश्चिमेला पार्कसाइट, सूर्यनगर आणि टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्या. सुट्टीच्या दिवशी एकाच मैदानात खेळणारी मुले सोमवारी कुठल्या शाळेत आणि कुठल्या तुकडीत बसतील, हे बऱ्याच अंशी घराच्या पत्त्यावरून ओळखता येते. घरात अभ्यासाला कोपरा आहे का, पाणी भरायला कोण उठते, क्लासची फी परवडते का, या गोष्टी वार्षिक परीक्षेच्या गुणांत उतरतात आणि गुणांतून तुकडी ठरते.

विभागणीची रीत जुनी आणि सुटसुटीत आहे. एप्रिलमध्ये निकालपत्रके तयार होतात, वर्गशिक्षक टक्क्यांप्रमाणे नावे लावतात आणि पहिली पन्नास-साठ नावे ‘अ’मध्ये जातात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा सूचनाफलकासमोर गर्दी होते. मैत्रीची पहिली मोठी फाटाफूट इथे घडते. पाचवीपासून एका बाकावर बसलेली दोन मुले आठवीत वेगळी होतात आणि मधल्या सुट्टीत डबा एकत्र खाण्याचा शब्द साधारण गणपतीपर्यंत टिकतो.

यापुढचा भाग वेळापत्रकाचा. गणिताचे जुने, नावाजलेले सर ‘अ’ला मिळतात; नवीन लागलेल्या, अजून कायम न झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला शेवटची तुकडी येते. मुख्याध्यापकांची अडचणही खरी असते. शाळेचे नाव दहावीच्या निकालावर चालते. शालान्त मंडळाची गुणवत्ता यादी होती त्या काळात ‘बोर्डात’ आलेल्या एका मुलामुळे शाळेबाहेर फलक लागत आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश वाढत. तो मुलगा ‘अ’मधूनच येणार, मग मेहनत तिथेच ओतली जाते. व्यवहार म्हणून हे चोख आहे. शिक्षण म्हणून त्याचे समर्थन करणे अवघड जाते.

‘अ’ तुकडीचे वातावरण बाहेरून शांत आणि आतून तापलेले असते. शिक्षक वर्गात येण्याआधीच पुस्तके उघडलेली, गृहपाठाच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर. पेपर दाखवण्याच्या दिवशी अर्ध्या गुणासाठी सरांभोवती कोंडाळे होते. परीक्षेच्या सकाळी प्रत्येक जण ‘माझं काहीच झालं नाही’ म्हणतो आणि कोणाचाही कोणावर विश्वास नसतो. गाईड कुठले वापरतो, ‘२१ अपेक्षित’मधले किती संच सोडवले, क्लासमध्ये कुठला धडा चालू आहे, ही माहिती जपून दिली जाते. पहिल्या पाचांत कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. चाळिसाव्या क्रमांकावरचे मूल मात्र गोत्यात सापडते. ‘ब’मध्ये ते पहिले आले असते, इथे त्याचे नाव बाईंनाही पटकन आठवत नाही. शिक्षणाचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकात नेमकी हीच गोष्ट संशोधनातून मांडली: सारख्याच कुवतीचे मूल हुशारांच्या गर्दीत बसवले की स्वतःला कमी लेखू लागते.

म्हणून ‘अ’मध्ये सगळे सुखी आणि ‘ड’मध्ये सगळे दुःखी, हा समज खोटा.

‘ड’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आणि खरे तर अधिक रंजक आहे. पूर्वी तिथे वयाची सरमिसळ असे. नापास होऊन मागे राहिलेली दोन वर्षे मोठी मुले शेवटच्या बाकावर, मिसरूड फुटलेली, आणि त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आठवीत आलेली लहानखुरी पोरे. काहींचा दिवस पहाटे वर्तमानपत्राच्या किंवा दुधाच्या लाइनीने सुरू होई. वर्गातला मान गुणांवर ठरत नसे. कोण चांगली कबड्डी खेळतो, कोण सरांची हुबेहूब नक्कल करतो, कोण मित्राचे नाव न सांगता छड्या खातो, यावर पत ठरे. गुणांची स्पर्धाच नसल्याने एकमेकांना उत्तरे दाखवण्यात कंजुषी नसे. परीक्षेत कॉपी हा इथे सहकाराचा प्रकार. आंतरवर्गीय क्रिकेटमध्ये ‘ड’ने ‘अ’ला हरवणे हा वर्षातला मोठा सण, आणि गॅदरिंगमध्ये नाच बसवायचा, मंडप बांधायचा, खुर्च्या उचलायच्या तर पहिला निरोप याच वर्गाला जाई. स्वातंत्र्यदिनाला भाषण ‘अ’चे, मैदान आखणे ‘ड’चे. शाळेला ही मुले कामाची वाटत, फक्त शिकवण्यासाठी ती फारशी आठवत नसत.

या मोकळेपणाची किंमत मोजावी लागे. तास ऑफ गेला तर बदली शिक्षक येतीलच अशी खात्री नाही. वर्गात चोरी झाली, काच फुटली, तर पहिला संशय ठरलेला. ‘तुम्हाला शिकवून काय उपयोग’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की मुलेच ते विनोद म्हणून एकमेकांना ऐकवू लागतात. खरोखर अभ्यास करू पाहणाऱ्या मुलाची इथे दुहेरी कोंडी होते: शिक्षकांच्या लेखी तो ‘ड’मधला आणि मित्रांच्या लेखी ‘स्कॉलर’, म्हणजे जवळजवळ फितूर. अशी मुले पुस्तक घरी उघडतात आणि वर्गात टिवल्याबावल्या करतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मागच्या तुकडीतल्या मुलीकडून दंग्याची अपेक्षाच नसते, म्हणून तिच्याकडे रागावण्यापुरतेही लक्ष जात नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ हा २००२ सालचा चित्रपट याच मुलांचा आहे. अपमानाने पेटलेली ‘फ’ तुकडीची मुले शाळेत मोडतोड करतात आणि पुढे त्या नुकसानीची भरपाई स्वतः कष्ट करून उभी करायला निघतात. अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेले शिक्षक मुलांवर विश्वास टाकतात. मराठी प्रेक्षकांना या चित्रपटात काहीच समजावून सांगावे लागले नाही. नावातल्या एका अक्षरातच सगळे कळले.

विलायतेत या विषयावर बराच अभ्यास झाला. डेव्हिड हार्ग्रीव्ह्ज यांनी उत्तर इंग्लंडमधल्या मुलांच्या एका शाळेत वर्षभर बसून १९६७ साली पुस्तक लिहिले. वरच्या प्रवाहात नियम पाळणाऱ्याला मान आणि खालच्या प्रवाहात नियम मोडणाऱ्याला, असे त्यांना आढळले. कॉलिन लेसी यांनी १९७० साली त्यात भर घातली: शाळा आधी मुलांना वेगळे करते आणि मग मुले स्वतःहून दोन टोकांना जातात. कन्नमवार नगरातल्या कुठल्याही माजी विद्यार्थ्याने हे दोन वाक्यांत सांगितले असते. देशोदेशींची धोरणेही बदलत गेली. फिनलंडने १९८५ साली गणित आणि भाषांतली पातळीवार विभागणी बंद केली. सिंगापूरने चार दशके चालवलेली माध्यमिक शाळांतली प्रवाहपद्धत २०२४ साली मोडीत काढून विषयवार पातळी आणली: एखादा मुलगा गणितात वरच्या आणि भाषेत मधल्या वर्गात बसू शकतो.

वेगळे बसवणे नेहमीच घातक असते असेही नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी स्वतंत्र प्रशाला काढली आणि ती चालू आहे. तिथे प्रवेशाची चाचणी उघड असते आणि वेगळेपणाबरोबर सामाजिक कामाची जबाबदारीही येते. दुसऱ्या टोकाचे उदाहरण मुंबईतलेच आहे. १९९०च्या दशकात इथे सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन वाचन आणि अंकज्ञान पक्के करून घेई. उरलेला वेळ मुले आपल्या वर्गात परतत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात त्याची पाहणी केली. मागे पडलेल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. वर्गात शिक्षकांपाशी थांबलेल्या पुढच्या मुलांना मात्र गर्दी कमी झाल्याचा फारसा फायदा दिसला नाही. तुकडीशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. बालसखीकडे मूल ज्या कारणासाठी जाई त्याच गोष्टीवर तिथे काम होई, आणि मुक्काम दिवसातल्या दोन तासांचा असे. ‘ड’मध्ये गेलेल्या मुलाला परतीचे तिकीट सहसा मिळत नाही.

अक्षरांचा उघड क्रम लावणे हळूहळू लाजिरवाणे ठरू लागले, तशी विभागणी विषयांच्या आडोशाला गेली. आठवीपासून तिसरी भाषा निवडायची असते: संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत किंवा अर्धे-अर्धे. संस्कृतला गुण भरभरून मिळतात अशी ख्याती, म्हणून अनेक शाळांत सातवीला अमुक टक्क्यांवर असलेल्यांनाच संपूर्ण संस्कृत मिळे आणि ती तुकडी आपोआप हुशारांची होई. मग सेमी-इंग्रजी आले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. आता ‘अ कुठली’ असे कोणी विचारत नाही, ‘सेमीचा वर्ग कुठला’ असे विचारतात. इथे पालकांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही: अकरावी विज्ञानाला इंग्रजीची भिंत आडवी येते, ती आधीच ओलांडलेली बरी. पण परिणाम जुनाच. मराठीतून विज्ञान शिकणारा वर्ग हा ‘सेमी न झेपणाऱ्यांचा’ वर्ग म्हणून ओळखला जाऊ लागला.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. शेवटच्या बाकावरचे मोठे दादा नाहीसे झाले, धाक कमी झाला. सगळा भार नववीवर आला. शंभर टक्के निकालाचा आग्रह धरणाऱ्या शाळांत कच्च्या मुलांना नववीतच अडवायचे किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असा सल्ला द्यायचा, ही वाट रुळली. सतरा नंबर म्हणजे दहावीला खासगीरीत्या बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठी तो मोठा आधार. शाळेत असलेल्याला तो हातात देणे म्हणजे हजेरीपटाबाहेरची आणखी एक तुकडी तयार करणे. २०२३-२४ पासून राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा निर्णायक केली आहे.

गेल्या वीसेक वर्षांत विक्रोळीत मोठा बदल झाला तो शाळेच्या आवाराबाहेर. जुनी ‘अ’ तुकडी ज्या घरांतून येई, त्या घरांनी मुले इंग्रजी शाळांत घातली. कन्नमवार नगरातल्या चार मजली इमारतींच्या जागी टॉवर उभे राहू लागले, आणि अनेक कुटुंबे बदलापूर-डोंबिवलीकडे सरकली. मराठी शाळांचा पट घटला. तुकड्यांची संख्या आणि शिक्षकांची पदे संच मान्यतेत, म्हणजे शासनाच्या मंजुरीत, पटावर ठरतात, म्हणून आठवी ड आधी गेली, मग क. जिथे एकच तुकडी उरली तिथे हुशार आणि इतर पुन्हा एका खोलीत आले, पण ‘हुशार’ मानली जाणारी निम्मी मुले तोवर दुसऱ्या गणवेशात होती. पूर्वीची भिंत दोन वर्गांमध्ये असे, आता ती दोन शाळांमध्ये आणि दोन मंडळांमध्ये आहे. एकाच मजल्यावरच्या दोन घरांतली मुले वेगळी पुस्तके वाचतात आणि त्यांच्या परीक्षाही वेगळ्या आठवड्यांत येतात.

महापालिकेने २०२१ मध्ये शहरात केंद्रीय मंडळाशी संलग्न अशा आणखी शाळा सुरू करायचे ठरवले, त्यांत विक्रोळीची हरियाली व्हिलेज शाळाही होती. इथे प्रवेश गुणांवर नाही, सोडतीने होतो. त्यामुळे सुरुवातीच्या वर्गांत मागच्या वर्षीच्या टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. रिक्षाचालकाचे आणि बँकेतल्या कारकुनाचे मूल चिठ्ठीच्या जोरावर शेजारी बसते. मात्र अर्ज करायला हवा हे वेळेवर कळणे, तो ऑनलाइन भरणे, कागदपत्रे जोडणे, एवढी चाळणी सोडतीच्या आधीच लागलेली असते. ही मुले आठवीत पोचतील तेव्हा त्यांच्या तुकड्या कशा पाडायच्या, हे त्या त्या मुख्याध्यापकांच्या हाती असेल. काही मराठी शाळांनी हजेरीक्रमाने एकाआड एक मुले वाटून सरमिसळ तुकड्या करायला सुरुवात केली आहे. पालकसभेत त्यावर सर्वात मोठी हरकत पहिल्या दहांत असलेल्या मुलांच्या घरून येते.