करमाडची बारावी, परदेशातलं कॉलेज आणि मान्यतेचा दीडशे वर्षांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय.

आमच्या करमाडच्या एका बाजूला शेंद्रा एमआयडीसी आणि ऑरिक, जवळूनच समृद्धी महामार्ग. परदेशी कंपन्यांचे बोर्ड रोज दिसतात, त्यामुळे पोरांचे प्रश्नही बदललेत. मला सारखा विचारला जाणारा प्रश्न असा: "दादा, स्टेट बोर्डाच्या बारावीवर बाहेर ॲडमिशन मिळते का? की आयबी नाहीतर केंब्रिजच्याच शाळेत जावं लागतं?" त्या शाळांची फी ऐकून घरात शांतता पसरते, ती मला माहितीये. उत्तर देतोच, पण आधी थोडं मागे जाऊ. कारण हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे.

करमाडच्या स्टेशनवर उभं राहा. ही लाइन 1900 च्या सुमारास निजामाच्या काळात झाली. एकीकडे रूळ मनमाडला जातात, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांच्या मुलखात. दुसरीकडे हैदराबादला, म्हणजे निजामाच्या राजधानीला. शिक्षणाचे रस्तेही असेच दोन होते.

मनमाडकडचा रस्ता मुंबई विद्यापीठाचा. विद्यापीठ 1857 चं, पहिली मॅट्रिक 1859 ला. त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर पास झाले. मॅट्रिक म्हणजे नुसतं शाळा संपल्याचं सर्टिफिकेट नव्हतं, ती विद्यापीठात शिरायची परीक्षा होती. पेपर विद्यापीठ काढायचं, कारण दारही विद्यापीठाचंच होतं.

त्याच सुमारास इंग्लंडातही असंच काही चाललं होतं. केंब्रिज विद्यापीठाने 1858 मध्ये बाहेरच्या शाळांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत त्या वसाहतींमध्ये पोचल्या. आज ज्याला 'केंब्रिज बोर्ड' म्हणतात त्याचं मूळ तिथं आहे. पुढे आपल्याकडच्या कॉन्व्हेंटमधली सीनियर केंब्रिज आली ती त्यातूनच. आयबी तर फार अलीकडची, 1968 ची, जिनिव्हाची.

आता हैदराबादकडचा रस्ता. सुरुवातीला निजामाच्या राज्याला स्वतःचं विद्यापीठच नव्हतं. हैदराबादचं निजाम कॉलेजसुद्धा मद्रास विद्यापीठाला जोडलेलं. सरोजिनी नायडू हैदराबादच्या, पण बाराव्या वर्षी त्या पास झाल्या मद्रासची मॅट्रिक. मग 1895 मध्ये निजामाची स्कॉलरशिप घेऊन इंग्लंडला गेल्या. पैसा निजामाचा, पण परीक्षा मद्रासची.

1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि शिकवण्याची भाषा ठरली उर्दू. 1923 मध्ये औरंगाबादला इंटरमीडिएट कॉलेज आलं, तेही त्याच छत्राखाली. एका अर्थाने ही मोठी गोष्ट होती: इंग्रजी सोडून एका भारतीय भाषेत विज्ञान आणि कायदा शिकवला जात होता. पण मराठवाड्यातल्या बहुतेक घरात बोलणं मराठी, आणि पेपर उर्दूत. माझ्या आजोबांचं असं एक उर्दू सर्टिफिकेट घरच्या पेटीत आहे. आज आमच्या घरात ते कुणालाच वाचता येत नाही. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदललं, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. आजोबा जे शिकले होते, ते काही बदललं नव्हतं. कागदाचं वजन मात्र बदललं.

आणि हे वजन माणसागणिकही बदलायचं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचं बघा. डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवी मिळवली. त्या निकालावर इंग्लंडला जायची सरकारी स्कॉलरशिप मिळायला हवी होती. बाई म्हणून नाकारली. लोकांनी पैसे जमवले, त्या 1889 मध्ये ऑक्सफर्डला पोचल्या आणि 1892 मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा दिली, पास झाल्या. तरी पदवी नाही! ऑक्सफर्ड बायकांना पदव्या द्यायला लागलं 1920 पासून. तोवर पास होऊनही त्या 'पदवीधर' नव्हत्या.

याच्या बरोबर उलटं आनंदीबाई जोशींचं. मॅट्रिक नाही, कॉलेज नाही. 1883 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं, आपली तयारी किती आणि कमी कुठे, ते सरळ सांगितलं. कॉलेजने घेतलं. 1886 मध्ये त्या एमडी झाल्या.

आणि गांधीजी? मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक पास होऊन लंडनला गेले आणि तिथे पुन्हा लंडनची मॅट्रिक द्यायला बसले. पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास, दुसऱ्यांदा पास.

या सगळ्यात मला एकच गोष्ट दिसते. परीक्षा 'आंतरराष्ट्रीय' आहे का, हे तिच्या नावावरून ठरत नाही. समोरचं विद्यापीठ ती मानतं का, यावरून ठरतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं भारतीय बारावी मानतात, आणि कोणत्या बोर्डाला किती टक्के हवेत हे त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. काही ठिकाणी बोर्डाप्रमाणे ही टक्केवारी वेगळी असते, ती नीट बघा. जर्मनीत नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश नाही, मग ती सीबीएसई असो की आपली. तिथे भारतात पदवीचं एक वर्ष पूर्ण करावं लागतं, किंवा इंजिनिअरिंगसारख्या विषयांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड चालते. आणि उलटंही आहे: आयबी किंवा ए लेव्हल करून भारतातल्या विद्यापीठात यायचं, तर ती परीक्षा बारावीच्या बरोबरीची आहे का हे आधी पाहिलं जातं. म्हणजे आपणही दारात उभे राहून कागद तपासतोच.

म्हणून शाळा बदलायला वडिलांना कर्ज काढायला लावण्याआधी एक काम करा. देश ठरवा, कोर्स ठरवा, तीन विद्यापीठं निवडा. त्यांच्या प्रवेशाच्या पानावर 'इंडिया' शोधा आणि जे लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट घरच्यांना दाखवा. नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा एजंटचं ऐकण्याआधी हे पान स्वतः वाचा. शंका राहिली तर सरळ ईमेल करा. आनंदीबाईंनीही पत्रच लिहिलं होतं, तुमचं दोन सेकंदांत जाईल.

तुमच्या घरात कुणी उस्मानियाची मॅट्रिक केली असेल तर मला जरूर कळवा. त्यावर एक वेगळा भाग करायचाय. भेटू पुढच्या आठवड्यात.