फणसाला लागणारी वर्षे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला माणगंगेकाठच्या म्हसवडच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. कोयनेच्या खोऱ्यात घरामागे फणस उभा असतो आणि माणदेशाच्या शिवारात तो आढळत नाही, याचे कारण म्हणून पावसाकडे बोट दाखवले जाते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. लहान शेतकरी कोणते फळझाड लावतो, हे पाण्याइतकेच त्याच्या वाट पाहण्याच्या ऐपतीवर ठरते; आणि ती ऐपत इतिहासाने घडवलेली असते.

बीपासून वाढवलेला फणस धरायला सात-आठ वर्षे सहज घेतो. त्यानंतर मात्र तो पिढ्यान् पिढ्या देत राहतो: कोवळ्या कुयरीची भाजी, पिकले गरे, बरक्याच्या रसाची फणसपोळी, पावसाळ्यासाठी राखलेल्या आठळ्या, शेळ्यांना पाला आणि शेवटी लाकूड. शिवकालीन धोरणाचा सारांश मानल्या जाणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने या प्रतीक्षेचे मोल ओळखले होते. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्याला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे त्यात बजावले आहे. झाड जीर्ण असेल तरच धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, असाही दंडक आहे. लावलेले झाड आपल्याच घराण्याकडे राहील, या भरवशावरच फणस लावला जातो.

हा भरवसा माणदेशाला क्वचितच लाभला. 1876–78 च्या दुष्काळात मदतकाम म्हणून राजेवाडीचा तलाव हाती घेतला गेला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. मेंढरे घेऊन, खडी फोडायला किंवा गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात जाणे, हा इथल्या अनेक कुटुंबांच्या जगण्याचा भाग झाला. ज्याला पुढच्या उन्हाळ्यात गावात राहू की नाही याची खात्री नाही, त्याने आठ वर्षांची शिंपण कशाच्या बळावर करावी? यावर कोणी म्हणेल, चिंचही उशिराच धरते, तरी ती बांधावर आहेच. पण मुळे धरल्यावर चिंच कोणाचे पाणी मागत नाही. तिच्यासाठी थांबण्याला खर्च नाही. अडचण आहे ती खर्च करत थांबण्याची.

डाळिंबाचा इतिहास हेच दाखवतो. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेला 1990 मध्ये फळबागांची जोड मिळाली आणि लागवडीनंतरच्या रिकाम्या वर्षांचा भार शासनाने उचलला. म्हसवड-आटपाडीच्या आकाशातला पाऊस वाढला नव्हता, तरी बागा उभ्या राहिल्या. हे केवळ अनुदानाचे श्रेय, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: अनुदान इतर फळझाडांनाही होते. डाळिंब निवडले गेले, कारण ते दोन-तीन वर्षांत धरते, ठिबकच्या पाण्यावर जगते आणि पाणी तोडून ताण दिला की हवा तो बहार धरता येतो. इतरत्र संकट ठरणारी पाणीटंचाई इथे शेतकऱ्याने हत्यार म्हणून वापरली.

मात्र लवकर परतावा देणाऱ्या एकाच झाडावर सगळा भार टाकण्याची किंमतही मोजावी लागली. शिवारच्या शिवार ‘भगवा’ या एकाच वाणाचे झाले, आणि तेल्या रोगाने बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. कोकणच्या परसातला फणस आंबा, नारळ, सुपारीच्या सोबतीने वाढला. एक झाड बुडाले तरी घर बुडत नसे. म्हणून म्हसवडला फणस लावण्याचा हट्ट नको, पण फणसामागचा विचार इथे हवा. बागेत डाळिंब असू द्यावे, बांधावर चिंच, बोर, जांभूळ, सीताफळ असावे; आणि फळबाग योजनांनी रोपांच्या संख्येइतकेच लक्ष शेतकऱ्याला थांबता येईल अशा वर्षांकडे द्यावे. दुष्काळी मुलखातल्या लहान शेतकऱ्याला झाडाइतकीच मुदतीचीही मदत लागते.